पॅराशूटची घडी

आमच्या घरात कापड कुणी दुमडत नाही. दुमडायचा तो कागद. कापडाची घडी घालतात, आणि ती अप्पा घालतात. अप्पा म्हणजे माझे वडील. नव्या पेठेत त्यांचं चादरींचं दुकान होतं. दुकान भाड्याचं, आणि रुंदीला एवढंसं, की दोन धिप्पाड गिऱ्हाइकं एकदम आली तर एकाला पायरीवर बसून चहा घ्यावा लागे. पण तेवढ्यात कपाटभर चादरी, टॉवेल, सतरंज्या अशा रचलेल्या असत की एकाही घडीचा कोपरा बाहेर डोकावत नसे.

शाळा सुटली की मी दुकानात जायचो. तिथं मला काम येत असे ते एकच, गादीवर लोळायचं. घडी घालणं मला कधी जमलं नाही. चार कोपऱ्यांपैकी तीन जुळवून आणायचो, तोवर चौथा कुठंतरी फिरायला गेलेला असायचा. माझी घडी बघून अप्पा म्हणायचे, "ही चादर झोपेतनं उठून आलीय." मग एका झटक्यात ती मोडून पुन्हा घालायचे. मला रागवायचे नाहीत. रागवायचे असते तर निदान आशा होती असं म्हणता आलं असतं.

मला आवडायचं ते चादर उलगडणं. गिऱ्हाईक गादीवर टेकलं की अप्पा कपाटातून चादर ओढायचे, दोन टोकं धरायचे आणि मनगटाला झटका द्यायचे. फडकन आवाज व्हायचा, चादर हवेत फुगायची, जराशी तिथंच थांबायची आणि मग सावकाश खाली उतरायची. गिऱ्हाईक घासाघीस विसरून बघत राहायचं. दुपारी दुकान रिकामं असलं की मी गादीवर उताणा पडून म्हणायचो, "अप्पा, एक." अप्पा रस्त्यावर इकडंतिकडं बघायचे, दुकानदाराची अब्रू असते, आणि मग एक चादर माझ्यावर उडवायचे. चौकड्यांची ती लाल चादर पोटात हवा घेऊन खाली यायला लागायची. आधी पंखा दिसेनासा व्हायचा, मग कपाट, मग अप्पा. सगळा उजेड लाल व्हायचा, नव्या सुताचा आणि खळीचा वास यायचा. अंगाला टेकायच्या आधीचा तो एवढासा वेळ, त्याच्यासाठी मी गणिताचा तास सुद्धा बुडवला आहे.

काही वर्षांपूर्वी दुकान सोडलं. जागेच्या मालकाला जागा हवी होती, अप्पांच्या गुडघ्यांना पायऱ्या नको होत्या, आणि मी दुकान चालवीन असं अप्पांच्या स्वप्नात सुद्धा आलं नव्हतं. मी एका कॉलेजच्या ऑफिसात असतो. तिथं कागद दुमडले तरी चालतात.

तेव्हापासून अप्पा भवानी पेठेतल्या आमच्या घरी, गॅलरीतल्या खुर्चीत. पण हात काही दुकानातून घरी आले नाहीत. धुतलेले कपडे, माझा रुमाल, दुधाच्या रिकाम्या पिशव्या, समोर येईल त्याची घडी व्हायची. त्यांनी वाचलेला पेपर न वाचलेल्यापेक्षा नवा दिसायचा. बायको म्हणायची, "अहो, ह्या घरात इस्त्रीवाल्याचं पोट भरणार नाही."

मग यंदा थंडी सरली तसं हळूहळू ते थांबलं. आधी पिशव्या तशाच राहायला लागल्या. मग कपडे. एक दिवस बायकोनं चहा माझ्यापुढं ठेवला आणि गॅलरीकडं मान केली. पेपर खुर्चीखाली पसरलेला होता, एक पान दाराशी, एक कुंडीला अडकलेलं. अप्पा समोरच्या भिंतीकडं बघत होते.

"आजारी नाहीत," बायको हळूच म्हणाली. "मी विचारलं. म्हणाले, घालून काय करायचीय घडी? उद्या रद्दीतच जाणार की."

त्या दिवसापासून आम्ही दोघं सकाळी उठलो की आधी पेपर कसा पडलाय ते बघायचो. कुणी नाडी बघतं, तसं.

त्यातच लेकीची दहावीची परीक्षा संपली. परीक्षेनंतर तिला रॉकेटचं किट घेऊन द्यायचं मी फार आधी कबूल करून बसलो होतो, ती विसरेल या भरवशावर. ती विसरली नाही. खोकं आलं. त्यात पुठ्ठ्याची नळी, प्लॅस्टिकचं टोक, बाल्सा नावाच्या हलक्या लाकडाचे पंख, उडवायची दांडी, लांब वायरचं बटण आणि दोन छोटी इंजिनं होती. दिवाळीतल्या बाणाचा हा शिकलेला भाऊ, एवढं मला कळलं. फरक असा की बाण जातो तो जातो. हे रॉकेट वर गेलं की आतलं इंजिन एक उलटा फुसका बार काढतं, टोक निघतं, पॅराशूट बाहेर पडतं आणि रॉकेट अलगद खाली येतं. म्हणजे पुन्हा उडवता येतं.

पंख चिकटवायचं काम मी मागून घेतलं. एक पंख बरा लागला, दुसरा जरा कलला, आणि तिसऱ्याला माझं बोटच चिकटलं. बायकोनं गरम पाणी आणलं. लेक म्हणाली, "बाबा, पंख रॉकेटला लावायचे होते, तुम्हाला नाही."

हे सगळं अप्पा खुर्चीतून बघत होते, पण बघितल्यासारखं दाखवत नव्हते. पॅराशूटचं प्लॅस्टिक मी कापायला घेतलं आणि ते वेडंवाकडं कापलं गेलं, तेव्हा मात्र त्यांना राहवलं नाही.

"आण हिकडं," ते म्हणाले. अंगठा आणि बोटात धरून त्यांनी ते चोळून बघितलं. "हे काय कापड हाय? ह्याला अंगच न्हाई."

लेकीनं समजावलं, "अज्जा, हे पॅराशूट आहे. ते ह्या नळीत बसलं पाहिजे."

"बसंल की. जुनी ओढणी आण, अव्वा. पातळ बघून." आमच्या घरी कानडी आणि मराठी एकाच ताटात वाढतात. लेक आजोबांना अज्जा म्हणते आणि अप्पा नातीला लाडानं अव्वा म्हणतात, म्हणजे आई.

बायकोची गुलाबी ओढणी आली. लेकीनं आठ कोनांचा तुकडा कापला. कोपऱ्यांना बांधायला अप्पांनी त्यांच्या कपाटातून शंकूवर गुंडाळलेल्या सुताचा कोन काढला. दुकान सोडताना एका चादरीखेरीज त्यांनी तेवढाच आणला होता, कशाला ते कुणी विचारलं नव्हतं. मग त्यांनी घडी घालायला घेतली. गुडघ्यावर तुकडा पसरून, तळहातानं हवा काढत, कडेला कड लावत. लेक म्हणाली, "अज्जा, जाईल ना आत?"

"मोटारीनं माल पाठवलाय मी, गठ्ठेच्या गठ्ठे. ते मला विचारू नको."

शेवटी बोटाएवढी एक गुलाबी वळकटी झाली. वर सुताचे फेरे, गाठ न मारता बसवलेले. नळीत टाकली तशी ती आतपर्यंत आपली आपण गेली. मी तोंड भरून कौतुक केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पुढं ठेवताना बायकोनं पुन्हा गॅलरीकडं मान केली. पेपर खुर्चीच्या हातावर होता. चार कोपरे एकावर एक.

वळसंगला माझ्या मेव्हण्याचं रान आहे. ज्वारी काढून झाली होती, काळी जमीन उन्हानं भेगाळलेली होती आणि सकाळी वारा पडलेला असतो. रविवारी भल्या पहाटे निघालो. लिंबाच्या झाडाखाली अप्पांना खुर्ची, आम्हाला बसायला चादर, डब्यात कडक भाकरी आणि शेंगाचटणी. लेकीनं दांडी रोवली, वायर ताणली, आम्हाला लांब उभं केलं. बटण माझ्याकडं दिलं. ते मी बापाच्या हक्कानं मागितलं होतं.

"दहा, नऊ, आठ..." लेकीनं सुरुवात केली.

"एवढा वेळ कशाला?" अप्पा खुर्चीतून म्हणाले. "गिऱ्हाईक उठून जाईल."

शून्य झालं. मी बटण दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं. लेकीनं माझ्या खिशाकडं बोट दाखवलं. बटणाच्या पेटीला एक किल्ली लावावी लागते, ती मी हरवू नये म्हणून गाडीच्या किल्लीसोबत जपून ठेवली होती.

पुन्हा दहापासून. ह्या वेळी सूंऽऽ करून रॉकेट असं गेलं की माझी मान वर जाईपर्यंत ते ठिपका झालं होतं. जरा कललं, माझ्या पंखाची कृपा, पण गेलं. वर फट् आवाज आला. टोक निघालेलं दिसलं. आम्ही गुलाबी काहीतरी फुलायची वाट बघत राहिलो. फुललं नाही. रॉकेट गेलं होतं त्याच घाईनं खाली आलं आणि बांधाजवळच्या एका भेगेत पार कमरेपर्यंत रुतलं.

लेक पळत गेली, मागून मी. नळीचं तोंड चेपलं होतं, एक पंख तुटला होता, माझा कललेला. टोक आणि नळी जोडणाऱ्या रबराच्या दोरीला अप्पांची वळकटी लोंबत होती. फेरे सुद्धा सुटले नव्हते. आकाशात जाऊन, उलटी होऊन, जमिनीवर आपटूनही कोपरे जागचे हलले नव्हते.

लेकीनं माझ्याकडं बघितलं. मी लिंबाकडं. अप्पा खुर्चीच्या काठावर येऊन बसले होते.

"काय झालं रं?" त्यांनी विचारलं.

"इंजिन," मी म्हणालो. "इंजिन खराब निघालं, अप्पा."

अप्पांनी "बरं" म्हटलं आणि भाकरी मागितली.

घरी येऊन लेकीनं मला स्वयंपाकघरात गाठलं. "इंजिन बरोबर चाललं, बाबा. घडी उघडली नाही."

"हळू बोल."

"हळू बोलल्यानं ती उघडणार नाहीये. एकच इंजिन राहिलंय. अज्जा पुन्हा तशीच घडी घालणार आणि रॉकेट पुन्हा भेगेत जाणार. ह्या वेळी जोडता पण येणार नाही."

"आणि सांगितलं त्यांना, तर?" बायको मध्ये पडली. "पेपर बघितलास का कालचा?"

लेकीलाही माहीत होतं. रॉकेट वाचवावं तर अप्पांना सांगावं लागणार, की तुमची घडी चुकली. आयुष्यभर ज्या माणसाची एक गोष्ट कुणी चुकली म्हणालं नाही, त्याला ती एकच गोष्ट सांगायची. ते ऐकून ते खुर्चीत कायमचे मागं रेलले असते.

त्या आठवड्यात आणखी एक झालं. बायको म्हणाली, "अहो, पेपर बघा जरा." घडी होती, पण अप्पांची वाटेना. एक पान बाहेर राहिलेलं, कडा ढिल्या. उचलला की सगळा पेपर पसरायचा. दुसऱ्या दिवशी तेच, जरा निराळ्या तऱ्हेनं. टॉवेलचंही तसंच. कपाटातून एक ओढला की हातात येईतो मोकळा. बायकोला काळजी वाटली. "हात चालेनासे झाले की काय त्यांचे?" मलाही वाटली. म्हणजे आता घडी चुकली म्हणून सांगायची सोयही राहिली नाही.

म्हणून मी एक बेत केला. माझे बेत फार साधे असतात, म्हणूनच ते फसतात. लेकीनं नळी कापून सारखी केली होती, पंख सरळ चिकटवला होता. शनिवारी संध्याकाळी अप्पांनी पॅराशूटची घडी घालून, नळीत सारून, टोक बसवून ठेवलं. रविवारी सकाळी ते आंघोळीला गेले तेव्हा मी टोक काढलं, वळकटी बाहेर ओढली आणि झटकली. एका झटक्यात सुटली. अप्पांची इतकी घट्ट घडी मी अशी सहज सोडवली, याचं मला मनातल्या मनात कौतुकही वाटलं. मग मी माझ्या पद्धतीची घडी घातली. माझी घडी कुठल्याही क्षणी उघडायला तयारच असते. ह्या गुणाचा उपयोग होईल असा दिवस आयुष्यात पहिल्यांदाच आला होता. नळीत ती जाईना, म्हणून मी ती पेन्सिलीनं ढकलली.

पुन्हा तेच रान, तेच झाड. लेकीनं रॉकेट दांडीवर चढवायला घेतलं तसे अप्पा म्हणाले, "थांब. माल जायच्या आदी एकदा बघायचा असतोय."

"मी बघितलाय, अप्पा," मी म्हणालो.

"म्हणून तर."

त्यांनी टोक काढलं. बोटानं ओढणीचं टोक धरून बाहेर ओढलं. अर्धी गुलाबी चिंधी बाहेर आली, अर्धी आत अडकून बसली. अप्पांनी नळी डोळ्यांजवळ नेली.

"ही घडी कुणाची?"

मी झाडावरच्या लिंबोळ्या बघत होतो. त्या दिवसांत झाडाला लिंबोळ्या नव्हत्या.

"घडी कसली," अप्पाच म्हणाले. "ही कोंबलीय. आनी हे कोंबणं मी वळखतो." मग माझ्याकडं बघून, "माझी मोडलीस?"

मी मान हलवली. पुढं काय सांगावं ते सुचेना, पण लेकीला सुचलं. आमच्या घरात खरं बोलण्याचं खातं तिच्याकडंच आहे. ती त्यांच्या खुर्चीजवळ उकिडवी बसली आणि म्हणाली, "अज्जा, मागच्या वेळी इंजिन खराब नव्हतं. तुमची घडी उघडली नाही. म्हणून बाबांनी मोडली."

बायकोनं डब्याचं झाकण लावलं, काढलं आणि पुन्हा लावलं. मी अप्पांच्या हातांकडं बघत होतो. ते गुडघ्यावर तसेच होते.

"ते म्हाईत हाय की मला," अप्पा म्हणाले.

"माहीत आहे?"

"गिऱ्हाइकाला 'रंग जानार न्हाई' म्हणून सांगण्यात जल्म गेला माझा. मला खोटं ऐकू येत न्हाई व्हय? इंजिन खराब म्हणं. ते फट् कशाचं वाजलं मग वर?"

"मग आठवडाभर बोलला का नाहीत?" मी विचारलं.

"तुमी बोलताय का ते बघत होतो." ते जरा थांबले. "चुकलीच होती की ती घडी. मी पाठवायची घातली. मोटारीनं गावाला जाणारी. ती उघडायची नसतीच, गावाला जाऊन दुकानदारानं फेरे सोडल्याबिगर. ह्या ओढणीला पायजे होती गिऱ्हाइकाला दाखवायची. एक पदर मोकळा ठेवायचा, धरून झटका दिला की सगळी सुटली पायजे. कालच्याला मी तीच घातली होती. आठ दिवस पेपरावर करून बघितली. हात इसरले होते."

बायकोनं माझ्याकडं बघितलं. पेपर, टॉवेल. आणि ती वळकटी, जी माझ्या एका झटक्यात सुटली होती.

"दोन घड्या असतात, हे मला कुठं माहीत होतं?" मी म्हणालो.

"तुला कसं म्हाईत असणार? तू खाली पडलेला असायचास. वर बघत."

मला वाटत होतं, ते दुपारचं सगळं माझ्याच एकट्याच्या लक्षात आहे.

अप्पांनी नळीतली चिंधी ओढून काढली, गुडघ्यावर पसरली, माझ्या सुरकुत्या तळहातानं काढल्या. ह्या वेळी त्यांनी कडेला कड लावली नाही. एक पदर बोटभर बाहेर ठेवला, दोरे नागमोडी घालून आत सोडले, वर फेरे घेतलेच नाहीत. हात मध्येच एकदा अडले. त्यांनी ती मोडली, पुन्हा घातली. मग पदराचं टोक धरून हवेत एक झटका दिला. फड्. गुलाबी छत्री उघडली आणि त्यांच्या मांडीवर उतरली. "व्हय," ते स्वतःशीच म्हणाले, तिसऱ्यांदा घातली आणि नळीत सोडली. पेन्सिल लागली नाही.

बटण लेकीनं माझ्याकडून काढून घेतलं आणि अप्पांच्या हातात दिलं. किल्ली लावूनच. "दहा," ती म्हणाली. अप्पांनी सातला दाबलं.

रॉकेट सरळ गेलं. कललेल्या पंखाच्या जागी आता लेकीच्या हातचा होता, त्यामुळं कललं नाही. वर फट् झालं. मी रॉकेटकडं बघायला हवं होतं, पण मी अप्पांकडं बघत होतो. मान वर, डोळे बारीक केलेले, आणि मोकळ्या हाताच्या मनगटाला एक झटका बसला. आपोआप. मग मी वर बघितलं. निळ्याशार आभाळात एक एवढासा गुलाबी ठिपका फुगला होता आणि जराशी वाट बघितल्यासारखा तिथंच थांबला होता.

तो खाली यायला लागला तशी लेक त्याच्या खाली पळत सुटली. मेव्हण्याच्या रानावरून शेजारच्या रानात, धसकटांतून, तोंड वर करून. "पडशील," बायको ओरडली. मला मात्र ठाऊक होतं की ती आता खाली बघणार नाही.

इंजिनं संपली होती. लेक रॉकेट घेऊन धापा टाकत आली तसे अप्पा म्हणाले, "हे आनखी कुटं मिळतंय?" मग पॅराशूट तिच्या हातून घेऊन त्यांनी त्याची घडी घातली. ती मात्र पाठवायची, फेऱ्यांसकट.

ऊन चढलं, निघायची वेळ झाली. खाली अंथरलेली चादर दुकानातलीच, सोडताना ठेवून घेतलेली, दुहेरी आणि जड. तिची एकट्यानं घडी होत नाही. दुकानात दुसरं टोक धरायला कुणीतरी गडी असायचा. मला ते कधी धरू दिलं नव्हतं आणि मी मागितलंही नव्हतं. अप्पांनी एक बाजू उचलली, इकडंतिकडं बघितलं आणि मला म्हणाले, "धर."

मी धरलं. आम्ही समोरासमोर आलो, टोकाला टोक लावलं, मागं सरकलो, पुन्हा समोर आलो. मी मनापासून लक्ष देऊन तीन कोपरे जुळवले. चौथा बाहेर लोंबत राहिला.

अप्पांनी त्या कोपऱ्याकडं बघितलं. मी झटक्याची वाट बघत उभा राहिलो. त्यांनी चादर तशीच काखेत मारली आणि गाडीकडं चालायला लागले.